जरा कळ काढा

या, असे पुढे सरका. अगदी जवळ बसा. लांबून ऐकलंत तर तुम्हाला नुसतं हसू ऐकू येईल, आणि ही गोष्ट नुसती हसण्यावारी न्यायची नाही. एका पत्र्याच्या डबीची गोष्ट सांगतो. डबी केवढी? अंगठ्याच्या पेराहून जरा मोठी. पण तिच्यापायी एक चौक तुंबला, एक फळवाला रडकुंडीला आला, सरकारी शिक्क्याची नोटीस निघाली, आणि एका सज्जनाला आयुष्यात पहिल्यांदा पोलीस चौकीतल्या बाकड्यावर बसावं लागलं. देवाने हात दिले ते जोडायला आणि कामाला. या सज्जनाने सत्तरीला टेकल्यावर ते सार्वजनिक मालमत्तेच्या खाली घालून चाचपायला सुरुवात केली. का केली, ते ऐका.

त्यांना आपण काटेसाहेब म्हणू, कारण सगळा बाजार तसंच म्हणे. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांची समजूत अशी की हे नाव तराजूच्या काट्यावरून पडलं. बाजाराची समजूत निराळी होती. पायात रुततो त्यालाही काटाच म्हणतात. साहेबांनी खुलासा विचारला नाही, बाजाराने आपणहून केला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मान राहिला. माणूस तसा सोन्यासारखा. पण डोळ्यांनी तपासल्याशिवाय कशावर शिक्का मारायचा नाही, हे व्रत त्यांनी खुर्चीबरोबर खात्यात ठेवलं नाही, घरी आणलं. कोणी "बरे आहात ना?" विचारलं, तर म्हणायचे, "सकाळी रक्तदाब मोजला तेव्हा होतो. आत्ताचं सांगता येणार नाही."

त्यांच्या पत्नी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. गल्लीत त्या मास्तरीणबाई. निवृत्तीनंतर या बाईंना एक खेळ सापडला. जगभर माणसं म्हणे वर्दळीच्या जागी छोट्या छोट्या डब्या लपवतात. डबीची जागा आकड्यांत फोनवर टाकतात. दुसऱ्यांनी ती हुडकायची, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर आपलं टोपणनाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची, आणि आजूबाजूच्या हजार माणसांना पत्ता लागू द्यायचा नाही. बक्षीस काय? काही नाही. साहेबांनी हे ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "मग मिळतं काय?" बाई म्हणाल्या, "सापडते ना!" साहेबांनी तो विषय तिथेच तहकूब केला.

सहा वर्षं बाई हातात पिशवी घेऊन शहरभर फिरल्या. खेळातलं त्यांचं नाव 'मुंगी'. शेवटी त्यांनी स्वतःची एक डबी लपवली. शिवणयंत्राच्या बॉबीनची पत्र्याची डबी, बुडाला लोहचुंबक. एवढी एकच. आणि मग तो विसरायचा आजार आला. आधी चष्मा विसरल्या, मग गॅस, मग लेकीचं नाव, आणि मग अंथरुणातून उठायचंच विसरल्या. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि लेकीला बाहेर नेऊन सांगितलं, आता किती दिवस ते मोजू नका.

पण डबी त्या विसरल्या नाहीत. झालं असं, की लेकीने एकदा आईला बरं वाटावं म्हणून फोनवरचं त्या डबीचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. पानावर ओळीने तिघांनी लिहिलं होतं: शोधली, सापडली नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जेवण पुढ्यात आलं, की बाई हात आखडून विचारायच्या, "अहो, माझी डबी आहे ना हो जागेवर?"

आता तुम्ही काय म्हणाला असता? मी काय म्हणालो असतो? लेक तेच म्हणाली.

"बाबा, 'आहे' म्हणा. दोन अक्षरं आहेत."

"न बघता?"

"न बघता."

"मग ती तपासणी कसली?"

"ही तपासणी नाहीये बाबा. ही आई आहे."

काटेसाहेब पलंगाजवळ जाऊन घसा खाकरून म्हणाले, "चौकशी चालू आहे." बाईंनी "बरं" म्हटलं, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन घासांवर ताट सरकवलं. बायकोला त्यांनी उभ्या जन्मात फसवलं नव्हतं. शेवटाला फसवायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणजे डबी बघून यायची आणि छाती पुढे काढून सांगायचं. एक दिवसाचं काम! सत्य बोलावं हे सगळे संत सांगून गेले हो. पण ते किती वाजेपर्यंत पोचवावं, याचं वेळापत्रक काही कोणी लावून दिलेलं नाही.

जागा तशी अवघड नव्हती. एका बाजूला बसस्थानक, समोर कोर्ट, तिसऱ्या बाजूला टपाल कचेरी, असा चौक. मधल्या पेव्हरब्लॉकच्या तुकड्यावर लोखंडी कठडा, अकरा बाकं, सिग्नलचे खांब, एक कचरापेटी, एक फळांची गाडी. आणि माणसं. बसची वाट बघणारी, निकालाची वाट बघणारी, आणि कोणी कशाची वाट बघत नसूनही बसलेली. पानावर बाईंनी आकडे दिले होते आणि खाली एका ओळीची खूण: 'जरा कळ काढा.' बस्स. बाईंना विचारलं, तर त्या हवेत बोटं हलवून म्हणाल्या, "कळ... हात जातो बघा आपोआप..." आणि छताकडे बघत राहिल्या.

फोन म्हणाला, जागा तीन मीटरच्या आत आहे. दुसरा कोणी असता तर चौकभर हिंडला असता. पण मापाशी आयुष्य घालवलेला माणूस! खिशातून पोलादी टेप काढला, खडू काढला, फोनने दाखवलेल्या ठिपक्यावर उकिडवे बसले आणि तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. उंच इमारतींमध्ये फोन दहा-दहा मीटर चुकतो, हे लेकीने सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "दहा मीटर चुकणाऱ्या यंत्राला परवाना कोणी दिला? तीन म्हणतंय म्हणजे तीन." खेळाचा पहिला नियम, शोधताना कोणाच्या नजरेत भरू नये. साहेबांचं वर्तुळ टपाल कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसत होतं. चालणारी माणसं ते वळसा घालून टाळू लागली. एकाने हळूच विचारलं, "गेला का हो?" साहेबांनी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "ज्याला उडवलं तो." एका बाईंनी तर चप्पल काढून वर्तुळाला हात जोडले. बसस्थानकात बातमी पोचली तेव्हा मेलेल्यांची संख्या तीन होती.

वर्तुळात चारच वस्तू होत्या. गटाराचं झाकण, कचरापेटी, फळवाल्याच्या गाडीचा अर्धा भाग, आणि रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा खांब. खांबावर एक बटण. लोक त्याला बटण म्हणतात. साहेब जुन्या वळणाचे, त्यांच्या लेखी ती कळ. साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळ काढा! म्हणजे कळ बाहेर ओढा, मागे पोकळीत डबी! बायकोच्या बुद्धीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की डोळे पाणावले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी कळ पिळली, हिसकली, एक पाय खांबाला लावला आणि ओढली. कळ आली. मागोमाग वीतभर तारा आल्या. डबी आली नाही. चारही बाजूंचे दिवे लाल झाले आणि लालच राहिले.

चौक तुंबला. भोंगे सुरू झाले. कोर्टाच्या पायऱ्यांवर वकील येऊन उभे राहिले. गर्दीतून वाट काढत हवालदार आले, तेव्हा साहेब हातात कळ घेऊन तारांच्या मागे डोकावत होते.

"काय चाललंय आजोबा?"

"कळ काढतोय."

"ते दिसतंय. कोणाची?"

चौकीत वहीत लिहून घेताना हवालदारांनी विचारलं, "धंदा?"

"निरीक्षक."

हवालदार ताडकन उभे राहिले. "कुठलं ठाणं, साहेब?"

"वजनमापे. निवृत्त."

हवालदार बसले. "शोधत काय होतात?"

"डबी."

"डबीत काय?"

"कागद."

"कागदावर?"

"नावं."

"कोणाची?"

"ते ठाऊक नाही. त्यात खरं नाव कोणी लिहीत नाही. आणि डबी कोणाला दिसू द्यायची नसते."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खरं बोलणाऱ्या माणसाचं एक असतं, विचारलं नाही तेही सांगतो. दोन तासांनी लेक कामावरून धावत आली, तिने आईची हकीकत सांगितली तेव्हा हवालदार मऊ झाले. म्हणाले, "अहो आजोबा, मग सांगून टाका ना आहे म्हणून. माझी आई रोज विचारते, हे कुठे गेलेत? मी म्हणतो, कामावर. अकरा वर्षं झाली वडील जाऊन. ती म्हणते, बरं, उशीर होईल मग. आणि झोपते."

काटेसाहेब म्हणाले, "तुमचं तुम्हाला पटत असेल."

त्या संध्याकाळी बाईंनी विचारलं, तेव्हाही चौकशी चालूच होती.

वार्ता इमारतीत यायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी चौकशीला आल्या. वहिनींचा स्वभाव परोपकारी. लोकांचे प्रश्न त्या स्वतःच्या घरच्यांपेक्षा आधी सोडवत. त्यांनी खूण वाचली आणि कपाळावर हात मारला.

"भावोजी, चौतीस वर्षं नोकरी केलीत पण भाषा शिकला नाहीत! कळ काढणं म्हणजे कुरापत काढणं. भांडण उकरायचं! मास्तरीणबाईंनी डबी कोणापाशी तरी दिलीय, आणि भांडल्याशिवाय तो देणार नाही. खेळच तो. तिथे सगळ्यात भांडकुदळ कोण?"

"फळवाला," साहेब म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी त्याची झिजलेली वजनं साहेबांनीच जप्त केली होती.

"मग झालं तर! जा आणि भांडा."

आता भांडायचं म्हणजे तरी काय? साहेबांना कारणाशिवाय भांडता येत नव्हतं. तीन दिवस ते गाडीसमोर उभे राहून योग्य कारणाची वाट बघत होते आणि फळवाला त्यांच्याकडे बघून घाम पुसत होता. चौथ्या दिवशी साहेबांच्या अनुभवी नजरेला तराजूचं डावं पारडं जरा संशयास्पद लोंबताना दिसलं. त्यांनी खाली वाकून पारड्याच्या पोटाला हात लावला. हाताला लागलं काय? लोहचुंबक! आणि त्याला चिकटलेला लोखंडी तुकडा, अगदी डबीएवढा!

"सापडली!" काटेसाहेब ओरडले. गेल्या चाळीस वर्षांत ते इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

गर्दी जमायला काय लागतं? पारड्याखाली लोहचुंबक, आणि बाजूला काटेसाहेब. लोकांनी दोनात दोन मिळवून पाच केले. "लुटतोय!" "धरा त्याला!" कोणीतरी फळवाल्याची कॉलर पकडली, कोणीतरी त्या धांदलीत फळं पकडली. फळवाला हात जोडून ओरडत होता, "साहेब, तो पासंग आहे हो, पासंग! डावं पारडं हलकं आहे, म्हणून लावलाय. तपासून बघा!"

साहेबांनी तपासलं. तो तुकडा लावला की काटा बरोबर मध्यावर. काढला की डावं पारडं वर. म्हणजे तराजू खरा होता. साहेबांनी हात लावला तेव्हा तो खोटा झाला. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो खोटे काटे खरे केले असतील. खरा काटा खोटा करायची वेळ ही पहिलीच. त्यांनी तुकडा रुमालाने पुसला, जागच्या जागी लावला, आणि भर चौकात फळवाल्याला म्हणाले, "माझी चूक झाली." गर्दी हिरमुसून पांगली. फळवाला उरलेली फळं गोळा करता करता म्हणाला, "साहेब, तुम्ही नोकरीवर होता तेच बरं होतं. तेव्हा निदान महिन्यातून एकदाच यायचात."

आगीतून निघाले आणि फुफाट्यात गेले. साहेबांना वाटलं, आपण चोरासारखे चाचपत बसलो हीच चूक. रीतसर परवानगी काढावी. म्हणून ते गेले नगरपालिकेत. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचला.

"चौकातल्या वस्तूंच्या खालच्या बाजूंची पाहणी करण्यास परवानगी मिळावी. वस्तू म्हणजे कुठल्या?"

"खांब, पेटी, झाकण."

"खांब विद्युत विभागाकडे. पेटी आरोग्याकडे. झाकण मलनिःसारणाकडे. आणि खालची बाजू... खालच्या बाजूचं आतापर्यंत कोणी विचारलं नाही." त्या आत जाऊन आल्या. "आतले आमचे साहेब विचारतायत, वस्तू हरवली आहे की ठेवली आहे?"

"काय फरक पडतो?"

"हरवली असेल तर पोलीस चौकी."

साहेब घाईने म्हणाले, "ठेवली आहे."

"मग हा फॉर्म भरा."

साहेबांनी भरला. वस्तू: पत्र्याची डबी, एक. ठेवण्याची तारीख. ठेवण्याचा उद्देश: याच्यासमोर त्यांनी बराच विचार करून 'सापडणे' असं लिहिलं. ठेवणाराचं नाव आणि पत्ता. इथे दुसरा कोणी थबकला असता. साहेबांनी ठळक अक्षरांत बायकोचं नाव लिहिलं, सही ठोकली आणि समाधानाने घरी आले. फॉर्मच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'अतिक्रमण विभाग' छापलं होतं, ते त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण खिडकीवरच्या बाईंनी दिलाय म्हणजे बरोबरच असेल, असा शिस्तीचा विश्वास.

अकराव्या दिवशी दारात शिपाई. हातात नोटीस. 'आपण सार्वजनिक जागेत विनापरवाना ठेवलेली पत्र्याची डबी, नग एक, सात दिवसांच्या आत स्वखर्चाने हटवावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' नाव मास्तरीणबाईंचं. साहेब म्हणाले, "द्या इकडे, मी घेतो." शिपाई म्हणाला, "नाही हो, अतिक्रमण करणाराचीच सही पाहिजे. कुठे आहेत त्या?"

त्या होत्या पलंगावर. चाळीस किलोसुद्धा नसतील. शिपाई खोलीच्या उंबऱ्यावर आला, त्याने बघितलं, आणि टोपी काढून कागद मागे लपवायला लागला. पण बाईंनी हात पुढे केला होता. शाळेत मुलीने वही दाखवायला आणली की करायच्या तसा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षरामागून अक्षर लावत वाचलं. आणि कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या तशा हसल्या.

"अहो! सरकारने लिहिलंय बघा. 'ठेवलेली डबी.' ठेवलेली! म्हणजे आहे ना हो जागेवर?"

लेक दारात उभी होती. तिने बापाकडे बघितलं. शिपायानेही बघितलं. देवसुद्धा वरून म्हणत असेल, बाबा, एवढं पदरात पडलंय, घे.

काटेसाहेब म्हणाले, "त्यांनी पाहिलेली नाही. माझ्या अर्जावरून लिहिलंय."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पुसायला फार वेळ लागला नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, शिवणकामाला लागते तशी, काठाला काठ लावून, आणि उशीखाली ठेवली. त्या दिवशी ताटाकडे बघितलंही नाही. लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी इतक्या जोरात घासली की वरच्या वहिनी विचारायला आल्या.

बाराव्या दिवशी काटेसाहेब सकाळीच चौकात गेले. टेप नेला नाही. खडू नेला नाही. वर्तुळ पुसट होऊन गेलं होतं. ते थोडा वेळ त्याच्या मध्यावर उभे राहिले, आणि मग त्यांना उभंही राहवेना. अकरा दिवस उभं राहून, वाकून, उकिडवं बसून गुडघे कामातून गेले होते. म्हणून ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. टपाल कचेरीसमोरचं, रंग उडालेलं. वर्तुळाच्या बाहेरचं, म्हणून त्याच्याकडे त्यांनी एकदाही ढुंकून बघितलं नव्हतं.

बसले. बसेस आल्या, गेल्या. कोर्टातून एक कुटुंब बाहेर आलं. त्यातली म्हातारी पुढे चालत होती आणि बाकीचे तिच्याशी बोलत नव्हते. फळवाल्याने साहेबांना बघितलं, गाडी दोन हात लांब सरकवली, आणि जरा वेळाने काय वाटलं कोण जाणे, पाण्याचा पेला आणून दिला. साहेब प्यायले. शोधायचं त्यांनी सोडून दिलं होतं. नुसते बसले होते. दुपार कलली. उठायला म्हणून त्यांनी पाय सरळ केला आणि उजव्या गुडघ्यातून अशी सणसणीत कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते कळवळून पुढे वाकले. डाव्या हाताने गुडघा दाबला, आणि तोल सावरायला उजव्या हाताने बाकाची कड धरली. बोटं आपोआप फळीच्या खाली गेली.

तिथे होती.

दूर कुठेतरी खणून काढायची नव्हतीच ती. ज्याला तिथे बराच वेळ बसावं लागेल, ज्याचं काहीतरी दुखत असेल, त्याच्याच हाताला लागावी अशी ठेवली होती. कळ ओढायची नव्हती, उकरायची नव्हती; सोसायची होती. बाईंनी त्यांना लग्नानंतरची पंचेचाळीस वर्षं तेच सांगितलं होतं: अहो, जरा कळ काढा. आणि ते दर वेळी घड्याळाकडे बघत होते.

त्यांनी डबी उघडली. आत कागदाची गुंडाळी, कोरडी ठणठणीत. पहिली ओळ बाईंची: 'मुंगी. ठेवली.' खाली नावंच नावं. कोणी घुबड, कोणी वारा, कोणी नुसता आकडा. एकाने लिहिलं होतं, 'निकाल विरुद्ध गेला. ही सापडली.' एकाने लिहिलं होतं, 'बस चुकवली, मुद्दाम.' साहेबांनी नावं मोजली. त्रेसष्ट. पुन्हा मोजली. मग खिशातलं पेन काढून शेवटी लिहिलं: 'तपासली. योग्य आहे.' तारीख घातली. टोपणनाव काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'काटा' लिहिलं. आता त्यांना ते नाव कशावरून पडलं ते कळलं होतं. डबी होती तिथे लावली, दोनदा ओढून बघितली, आणि हा माणूस, गुडघ्याची पर्वा न करता, घरी धावत निघाला.

सहाला पाच मिनिटं होती. बूटसुद्धा काढले नाहीत. ताट पुढ्यात आलं होतं, लेक चमचा घेऊन बसली होती. साहेब पलंगाशी उभे राहिले, धापा टाकत, छाती पुढे काढून.

"अगं, डबी आहे!"

बाईंनी वर बघितलं.

"कुठली डबी?"

"तुझी. बाकाखाली. मी स्वतः बघितली. झाकण घट्ट आहे, कागद कोरडा आहे. त्रेसष्ट नावं आहेत आत. दोनदा मोजली."

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. एखाद्या मुलीचे वडील शाळेत भेटायला आले की ऐकायच्या तशा, मान हलवत, अदबीने.

"बरं झालं हो सापडली," त्या म्हणाल्या. "कोणाची होती?"

लेकीच्या हातातला चमचा तसाच राहिला. काटेसाहेबांनी पलंगाची कड धरली.

"माझ्या बायकोची."

"मग इथे काय उभे आहात?" बाई रागावल्या. शाळेतलं ते जुनं रागावणं. "आधी जाऊन सांगा तिला! जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा."

"हो," साहेब म्हणाले. "जातो."

ते गेले. खोलीच्या बाहेर, बोळात, भिंतीला टेकून उभे राहिले. लेकीला त्यांचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते. आत बाई जेवत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने साहेब परत आत आले, स्टुलावर बसले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

काटेसाहेबांनी लेकीकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं.

"बरं वाटलं म्हणाली," ते म्हणाले. "म्हणाली, आता निवांत जेवते."

"वाटणारच," बाई म्हणाल्या, आणि लेकीकडे वळून त्यांनी तोंड उघडलं. सगळं ताट संपवलं. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

तेव्हा एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली, तिसऱ्यांदा विचारली, आणि तुमच्या कपाळाला आठी पडायला लागली, की क्षणभर या मास्तरीणबाईंची आठवण काढा. खरं नाव नाही विचारलंत तरी चालेल. मुंगी म्हणा, तिला तेच आवडायचं.